फुकटचं पान

पठाडेंच्या आणि आमच्या घरात एकच भिंत आहे. दुपारी दोन ते चार या वेळात त्या भिंतीतून स्टीलच्या पेल्यावर चमचा आपटल्याचा आवाज येतो. एकदा वाजला तर थांबायचं. दोनदा वाजला तर निघायचं. पेल्यात पाणी नसतं. पाणी असलं की आवाज बसतो, असं पठाडेंचं म्हणणं आहे.

दत्तात्रय पठाडे, वय सहासष्ट, मूळ गाव करमाड, एसटीतले निवृत्त वाहक. आयुष्याची बरीचशी वर्षं कन्नडच्या गाडीवर गेली. पत्नी शकुंतलाबाई अकरा वर्षांपूर्वी वारल्या. मुलगा विशाल पुण्यात एका कंपनीत आहे आणि आईचे दिवस झाल्यापासून या घरी आलेला नाही. पठाडे एकटे राहतात आणि मोबाइलवर पोकर खेळतात. पैसे लावण्यापूर्वी पेल्यावर दोन टोले मारतात, पानं टाकताना किंवा गप्प बसताना एक. पेल्याचा आवाज मोबाइलमधल्या खेळाडूंना ऐकू जात नाही, हे मी त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "ड्रायव्हरला ऐकू गेलं म्हंजे झालं." खोलीत ड्रायव्हर नव्हता.

मी वर्तमानपत्रात काम करतो आणि चारला घरून निघतो. त्याआधी दोन तास झोपण्याची माझी पद्धत होती. पेल्याची तक्रार करायला मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो.

"या पेपरवाले. पुढं सरका, मधी लई जागा हाय."

खोलीत आम्ही दोघंच होतो. मी पुढे सरकलो. तक्रार राहून गेली आणि मी पोकर शिकून परत आलो.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती झाकलेली. मग टेबलावर सगळ्यांना मिळून तीन पानं उघडतात, मग एक, मग शेवटचं एक. आपली दोन आणि टेबलावरची पाच यांतून ज्याची पाच पानं सर्वांत भारी, डाव त्याचा. दर टप्प्याला पैसे लावता येतात. कोणी लावले तर बाकीच्यांनी तेवढे भरायचे किंवा पानं टाकायची. कोणीच लावले नाहीत तर पुढचं पान सगळ्यांना फुकट दिसतं. पठाडेंचा सगळा राग या शेवटच्या वाक्यावर आहे.

त्या दुपारी त्यांच्या हातात दोन नव्व्या होत्या. टेबलावर किलवरची नव्वी, किलवरचा गुलाम आणि चौकटची अठ्ठी उघडली.

"हे बघा. माझ्या झाल्या तीन नव्व्या. खिडकीची सीट घावली. पण पट बघा कसा पडलाय. दोन किलवर. म्हंजे ज्याच्या हातात दोन किलवर हायत, त्याला अजून एक पायजे. त्यानं रुमाल टाकला. अठ्ठी, नव्वी, गुलाम. म्हंजे दश्शीवाल्याची ओळ जुळायला आली. त्यानं बी रुमाल टाकला. गाडीत अजून माणूस चढला नाय, आन् समद्या सीटवर रुमाल."

बाजारच्या दिवशी कन्नडची गाडी फलाटाला लागायच्या आत तिच्या खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आणि क्वचित एखादं लहान मूल आत टाकलं जातं. ज्याचा रुमाल, त्याची जागा. हा कायदा कुठे लिहिलेला नाही आणि तो मोडल्यावर झालेल्या मारामारीची बातमी मी स्वतः दोनदा छापली आहे.

"मग आता काय करायचं?"

"तिकीट फाडायचं! तुला पुढचं पान बघायचंय? बघ की बाबा. कोण नको म्हणतंय. पण फुकट नाय." दोन टोले. मधे जेवढी रक्कम जमली होती तेवढीच त्यांनी लावली.

"एवढी? निम्मी लावून चाललं नसतं?"

"अर्धं तिकीट बाराच्या आतल्याला. इथं समदे घोडे झालेत."

तिघांनी रक्कम भरली. पुढचं पान निरुपयोगी होतं. पुन्हा दोन टोले, पुन्हा पूर्ण तिकीट, एकजण उतरला. शेवटचं पानही कोरडं गेलं. दोघेही आपापला रुमाल झटकून घरी गेले. पठाडेंनी जिंकलेली रक्कम पाहिलीसुद्धा नाही. ते रुपया-दोन रुपयांच्या टेबलावर खेळत. जिंकले तर महिन्याचं दूध निघायचं, हरले तर निघायचं नाही.

छोट्या टेबलाचं त्यांचं एक वेगळं शास्त्र होतं. "मोठ्या टेबलावर माणसाला भ्या दाखवलं तं तो उतरतो. ह्या रुपयावाल्याला उतरायचंच नसतं. घरून डबा घेऊन चढलेला असतो. त्याला भ्या नाय दाखवायचं, त्याला तिकीट द्यायचं." भारी पानं लपवून गप्प बसणाऱ्यांबद्दल त्यांना तिरस्कार होता. "हातात तीन राजे घेऊन गप बसतो, शहाणा. वाटतं, पुढं मोठा डाव करू. तेवढ्यात पान येतं आन् रुमालवाला सीटवर. मंग हा बोंबलतो, माझी सीट, माझी सीट. अरे, पयल्या थांब्याला का नाय बोलला?"

आणि तिसरं किलवर पडलंच, इतका वेळ मुकाट पैसे भरणारा माणूस अचानक मोठी रक्कम घेऊन उठला, तर पठाडे तीन नव्व्यासुद्धा टाकून देत. एक टोला. "बसला तो. आता भांडून काय उपेग? खाली उतरायचं, मागची गाडी बघायची."

आमच्या कार्यालयात क्रीडा पान पाहणाऱ्या एका सहकाऱ्याला मी हे सगळं सांगितलं. तो गंभीर झाला. हेच सगळं शिकण्यासाठी त्याने इंग्रजी व्हिडिओंचे पैसे भरले होते आणि तिथे रुमालाचा उल्लेख नव्हता.

निवृत्तीनंतर माणसं नोकरी विसरतात. पठाडेंनी नोकरी घरी आणली. लग्नाच्या पंगतीत ते जेवायला बसण्याआधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन डोकी मोजतात. रिक्षात बसले की चालकाला स्वतःहून सुटे पैसे आहेत का विचारतात आणि नसतील तर सुटे कसे ठेवावेत यावर बोलतात. आमच्या इमारतीच्या बैठकीत पाण्याच्या टाकीवर दीड तास वाद चालला होता, तेव्हा ते उठून म्हणाले, "ज्यायला उतरायचं त्यायनी दाराजवळ या, बाकीच्यायनी रस्ता सोडा." बैठक संपली. टाकी अजून गळते.

त्यांची आवडती गोष्ट एकच आहे. ती त्यांनी मला सहा वेळा सांगितली आणि सहाही वेळा तपशील जुळले, म्हणून ती खरी मानायला हरकत नाही.

विशालचा बारावा वाढदिवस होता. शकुंतलाबाई आणि विशाल कन्नडहून पठाडेंच्याच गाडीने शहरात येत होते. विशालने नवा शर्ट घातला होता. मांडीवर पेढ्यांचा खोका होता, गाडीत वाटायला. बारा वर्षांच्या आत अर्धं तिकीट असे. विशालचा जन्म सकाळी साडेसातचा. गाडी पावणेआठची.

"पंधरा मिंटं झालती," पठाडे सांगतात. "पंधरा मिंटं. मी पूर्ण तिकीट फाडलं. चिमट्यानं टोचलं, हातात दिलं. शकुंतला म्हणली, अवो, आजच्या दिस राहू द्या. म्हणलं, तारीख बदलली, तिकीट बदललं. तिच्या पाकिटातून पैसे घेतले. गाडी नुसती हासली!"

"आणि विशाल?"

"तो काय, पोरगं. त्यानं पेढे वाटले नाय. खोका तसाच घरी आला."

ही गोष्ट ते प्रामाणिकपणाची म्हणून सांगतात. ऐकणारे मान डोलावतात. विशाल ही गोष्ट कोणाला सांगतो का, हे मला माहीत नव्हतं.

दुसरी गोष्ट पठाडे सांगत नाहीत. ती मला शेखचाचांनी सांगितली. शेखचाचा सिल्लोडचे, पठाडेंच्या गाडीचे जुने चालक. पोकरही त्यांनीच पठाडेंना शिकवला आणि नंतर स्वतः सोडून दिला. त्यांचं म्हणणं, "ये आदमी खेलता नै, ड्युटी करता."

शकुंतलाबाईंना दुपारी दवाखान्यात नेलं तेव्हा पठाडे गाडीवर होते. फोन आला तेव्हा शहर वीस किलोमीटरवर होतं. विशाल एकटाच आईजवळ होता. बावीस वर्षांचा होता.

"मैं बोल्या, पठाडे, गाडी सीधी दवाखाने कू लगातौं. पॅशिंजर भी बोले, ले लो, हम उतर जाते. ये बोल्या, नक्को. रूट नै बदलता." शेखचाचा पुढे म्हणाले, "स्टँड पे आये. मैं बोल्या, रिक्षा में बैठ. बोल्या, पैले कॅश भरता."

वाहकाने फेरी संपल्यावर आधी रोख आणि हिशेबाचा कागद जमा करायचा, मग घरी जायचं. अशा वेळी पिशवी दुसऱ्याकडे देऊन जायला कोणी अडवलं नसतं, हे त्यांच्या डेपोतल्या दोघांनी मला स्वतंत्रपणे सांगितलं. पठाडे रांगेत उभे राहिले. त्यांचा नंबर तिसरा होता. ते दवाखान्यात पोचले तेव्हा शकुंतलाबाई जाऊन वीस मिनिटं झाली होती. विशाल दाराशी उभा होता. त्याने विचारलं, "हिशेब जुळला का, आप्पा?"

शेखचाचा तिथे होते. पठाडेंनी "जुळला" असं उत्तर दिलं, हेही त्यांनीच सांगितलं.

त्यानंतर बाप-लेकांत भांडण झालं नाही. आईचे दिवस झाले आणि विशाल पुण्याला गेला. दिवाळीला पठाडे फोन करतात. तो उचलतो, मीटिंगमध्ये आहे म्हणतो आणि ठेवतो. दिवाळीला कुठल्या कंपनीत मीटिंग असते, असं पठाडेंनी मला एकदा विचारलं होतं. मी म्हणालो, काही ठिकाणी असते.

दीड वर्षापूर्वी मला ताप होता आणि मी दुपारभर घरी पडून होतो. भिंतीतून एक टोला ऐकू आला. मग पुन्हा एक. मग आणखी एक. मग पठाडे हसले. डाव हरल्यावर हसणारा माणूस मी पाहिला नव्हता, म्हणून उठून गेलो.

"पानं हलकी होती का?"

"कशाची हलकी! तीन राण्या व्हत्या."

"पटावर रुमाल नव्हते?"

"रुमालच रुमाल. दोन बदाम, तिसरं शेवटाला पडलं."

"मग तिकीट?"

पठाडेंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. टेबलावर सहा खेळाडूंची नावं होती. त्यांचं स्वतःचं नाव 'मुक्कामीगाडी' होतं, रात्री गावातच थांबून सकाळी परतणारी गाडी. समोरच्या खुर्चीवरच्या नावाखाली त्यांनी नखाने रेघ ओढली. इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, अर्धंतिकीट.

"विशाल हाय," ते म्हणाले.

"कशावरून?"

"नाव वाचा ना."

"असं नाव कोणीही घेऊ शकतं."

"आन् मला बकरा म्हणतो." हे त्यांनी दुसरा पुरावा असल्यासारखं सांगितलं. टेबलाच्या कोपऱ्यात खेळाडूंना एकमेकांशी लिहून बोलता येतं. अर्धंतिकीट तिथे लिहीत असे: मुक्काम काका झोपले का. मुक्काम काका, आजपण फुकट? बकरा आला, बसा रे सगळे. पठाडे हे मला मोठ्याने वाचून दाखवत, गावाहून पत्र आल्यासारखं. "बघा. काका म्हणला. घरी असता तं एवढं बोलला नसता."

"तुम्ही काही लिहिता का?"

"नाय. मी काय लिहू? पण मी त्याचं तिकीट नाय फाडत."

तसंच चाललं. बाकी चार खुर्च्यांवर कोणीही असो, दोन टोले, पूर्ण तिकीट, दयामाया नाही. अर्धंतिकीट एकटा उरला की एक टोला. त्याला पुढचं पान फुकट, त्याच्या पुढचंही फुकट. त्याचा रुमाल लागला की तो बसायचा आणि वर दोन शब्द ऐकवायचा. रुमाल नाही लागला तर पठाडे चुकचुकायचे. भिंतीपलीकडून मला डाव दिसत नसे, पण टोल्यांवरून समोर कोण बसलंय ते कळायचं. माझी झोप मोडायची ती आता एका टोल्याने.

"त्याला एकदा विचारून टाका," मी म्हणालो. "लिहा, विशाल का रे."

पठाडेंनी पेला पालथा घातला, मग सरळ केला.

"इचारलं आन् नाय म्हणला तं?"

"तर कळेल तरी."

"तुमचं ते पेपरचं काम हाय. कळून घ्यायचं." मग म्हणाले, "बसलाय ना शेजारी. बसू द्या."

पहिल्या थांब्याला का नाही बोललात, हे त्यांचंच वाक्य माझ्या ओठांवर येऊन राहिलं.

दीड वर्ष गेलं. पठाडेंच्या दिवसाला आकार आला. सकाळी दाढी होऊ लागली. जेवण दोनच्या आत उरकायचं. अर्धंतिकीट आठवडाभर दिसला नाही तर ते मला विचारत, पुण्यात पाऊस लई हाय काय. मी तिथल्या आवृत्तीतलं हवामान पाहून सांगत असे. मधल्या दिवाळीला त्यांनी फोन केलाच नव्हता. "कशाला? काल तं भेटला."

शेवटी मला हे खरं आहे का हे पाहावंसं वाटलं. एका नावावर बातमी होत नाही. पठाडेंच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी नातेवाईक म्हणून मी सही केली होती आणि तेव्हापासून विशालचा नंबर माझ्याकडे आणि माझा त्याच्याकडे होता. एका गुरुवारी दुपारी अडीचला मी फोन लावला. त्याने लगेच उचलला.

"काका? आप्पांना काही झालं का?"

"नाही, ते बरे आहेत. मी वेगळंच विचारायला फोन केला. तुम्ही मोबाइलवर पोकर खेळता का?"

"काय?"

"पत्त्यांचा खेळ."

"नाही हो. मला रमीसुद्धा येत नाही. का?"

त्याच क्षणी भिंतीतून एक टोला आला. मी वाट पाहिली. जोडीचा दुसरा आला नाही, काही क्षणांनी पुन्हा सुटा एकच आला. अर्धंतिकीट टेबलावर बसलेला होता आणि विशाल पठाडे माझ्याशी फोनवर बोलत होता. दोन्ही बाजूंनी बातमी पक्की झाली.

"आप्पा खेळतात?" विशालने विचारलं.

"खेळतात."

"तिथंही तिकीट फाडत असतील." तो हसला नाही.

"फाडतात," मी म्हणालो. हे खरं होतं. पूर्ण नव्हतं.

पठाडेंना मी काही सांगितलं नाही. सांगण्यात सार्वजनिक हित नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. महिनाभर भिंतीतून एकेक टोला येत राहिला आणि दर टोल्याला एक अनोळखी माणूस फुकट प्रवास करत राहिला.

मग पैशांवरचे ऑनलाइन खेळ देशभर बंद झाले. आमच्याकडे ती बातमी पहिल्या पानावर गेली. पठाडेंना ती मी आदल्या संध्याकाळीच फोनवर सांगितली. त्यांच्या मोबाइलवरही सूचना आली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी चारनंतर टेबलं उघडणार नव्हती.

"खोट्या पैशांचं टेबल चालू राहील म्हणतात," मी म्हणालो.

"तिथं कोण येतंय? तिकीटच नाय तं गाडी कशाची."

दुसऱ्या दिवशी मी दोनलाच त्यांच्या घरी गेलो. पठाडेंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. टेबलावर गर्दी होती, शेवटच्या फेरीला असते तशी. लोक वाटेल तसे पैसे लावत होते. पठाडे नेहमीसारखे खेळले. रुमाल दिसला की दोन टोले. साडेतीन वाजले तरी अर्धंतिकीट आला नव्हता. पठाडेंनी मला दोनदा वेळ विचारली. घड्याळ त्यांच्या समोरच होतं.

पावणेचारला तो आला. लिहिलं, मुक्काम काका, डेपो बंद होतोय. पठाडे वाचून हसले.

चारला पाच कमी असताना डाव पडला. पठाडेंच्या हातात दोन राजे. टेबलावर चौकटचा राजा, चौकटची दश्शी, इस्पिकची नव्वी. तीन राजे झाले. चौकटच्या रंगाला एकच पान हवं होतं, ओळीलाही फार नको होतं. बाकीचे उतरले. अर्धंतिकीट राहिला.

"काका," मी म्हणालो, "ह्या पटावर तुम्ही मला शिकवलंय काय करायचं."

एक टोला.

चौथं पान किलवरची दुर्री. पुन्हा एक टोला.

पाचवं पान चौकटची तिर्री. अर्धंतिकीटने होते नव्हते तेवढे सगळे पैसे पुढे सरकवले. रुमालवाला बसला होता. पठाडेंच्या कायद्याप्रमाणे इथे खाली उतरायचं असतं. त्यांनी पेल्यावर दोन टोले मारले आणि भरले. समोरची पानं उघडली, दोन चौकट. डाव गेला. पठाडे ती दोन पानं बघत राहिले.

अर्धंतिकीटने लिहिलं, बकरा तो बकराच. मग निघून गेला.

मी आता गप्प बसणं बरोबर नाही असं ठरवलं.

"काका, तो विशाल नाही."

"ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"पयल्या महिन्यातच कळलं. विशाल इतका येळ माझ्याशेजारी बसत नाय." त्यांनी चमचा पुसला. "तुमाला कसं कळलं?"

"मी त्याला फोन केला होता."

"कधी?"

"मागल्या महिन्यात. गुरुवारी, दुपारी अडीचला."

"काय म्हणला?"

मी जे बोललं गेलं ते क्रमाने सांगितलं. आप्पांना काही झालं का, हे पहिलं. रमीसुद्धा येत नाही, हे मधलं. तिथंही तिकीट फाडत असतील, हे शेवटचं. वगळलं काही नाही.

"पयलं काय म्हणला?"

"आप्पांना काही झालं का."

"असंच म्हणला? आप्पांना?"

"असंच."

पठाडेंनी मान हलवली. फोनवरची वेळ पाहिली. दोन मिनिटं होती.

"तुमी त्याला सांगितलं काय, ह्याला मी दीड वर्षं फुकट नेला ते?"

"नाही."

"सांगू नका."

"का? सांगायला हवं उलट. त्याला कळेल तरी, तुम्ही कुणासाठी..."

"नाय, नाय." त्यांनी हात वर केला. धावत्या गाडीत चढू पाहणाऱ्याला करतात तसा. "त्याला काय वाटंल? पोराकडून पूर्ण घेतलं, आन् परक्याला फुकट नेलं."

चार वाजले. टेबल गेलं आणि त्या जागी आभाराची सूचना आली. मला कामावर जायचं होतं. दारातून मागे पाहिलं तेव्हा त्यांनी चमचा उचललेला होता. जिना उतरताना मी मोजलं. एकच टोला आला.